चौदातली एक फ्रेम

धोंडूदा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी गौरजा माझ्या स्टुडिओची पायरी चढली. सुतक म्हणून आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, बाराव्याला लावायला बाबांचा एक फोटो पाहिजे, तुमच्याकडे असेलच. मी म्हटलं, असेलच म्हणजे काय, ढीग असतील. सहा वर्षं मी त्याच्या होडीत बसलोय. तू घरी जा आणि आईला सांग, सत्यवान फोटो घेऊन येतो.

इतकं सहज बोलून गेलो मी. ह्या जिभेने मला आयुष्यभर नडवलंय.

गौरजेने पिशवीतून बाबांचं आधार कार्ड काढून दाखवलं. त्यावरचा फोटो तुम्हाला माहीतच आहे कसा असतो. जित्या माणसाला चोर करून टाकतात. धोंडूदाच्या बाबतीत तर अर्धं तोंड काळं आणि अर्धं पांढरंफटक, नाक कुठे सुरू होतं तेही कळेना. आई हा लावू देत नाही म्हणाली. तिने निरोप दिला होता, तो गौरजेने आईच्याच शब्दांत सांगितला, "माका तेचां तोंड होयां. बाकी काय नको."

मी म्हटलं, तुझ्या मोबाइलमध्ये एखादा असेल की. तर म्हणाली, मोबाइल समोर धरला की बाबा तोंड फिरवायचे, सगळ्यांत पाठ आहे. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, लग्नाच्या अल्बममध्येही ते नाहीत. तिच्या लग्नाचा अल्बम मी केला होता. मी काउंटरवरची धूळ हाताने पुसायला लागलो.

आता मी कोण ते सांगायला हवं. आचऱ्याच्या बाजारात 'संचिता फोटो स्टुडिओ' आहे तो माझा. तीस वर्षं झाली. पासपोर्ट, लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप आणि मेलेल्या माणसांच्या फ्रेमा. ह्या शेवटच्या कामात माझा हात धरणारा आमच्या पट्ट्यात कोणी नाही. लोक काहीही घेऊन येतात. रेशनकार्डावरचा चुरगळलेला तुकडा, वरातीच्या गर्दीत मागे दिसणारं अंगठ्याएवढं डोकं. मी त्याला मोठं करतो, अंगात कोट घालतो, मिटलेले डोळे उघडून देतो, कपाळाला गंध लावतो, मागे निळा पडदा सोडतो. पोईपच्या एका म्हातारीला मी दात बसवून दिले होते, जिवंतपणी तिला वीस वर्षं दात नव्हते. माणसं फ्रेम बघतात आणि 'बरो दिसता' म्हणतात. आपण पुण्याचं काम करतो असं मला वाटायचं.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि धंदा बसला. रिकामा माणूस काय करणार? मला पक्ष्यांचा नाद लागला. बायकोची बोलणी खाऊन मिररलेस कॅमेरा घेतला आणि त्याच्यावर दोनशे-सहाशेची लेन्स. लहान मुलाच्या मांडीएवढी जाड. मिररलेसचा मोठा गुण म्हणजे त्याला आवाज नाही. आत आरसा उडत नाही, खटका वाजत नाही, पक्ष्याला पत्ताही लागत नाही की आपला फोटो निघाला. हा गुण पुढे कामाला आला, म्हणून मुद्दाम सांगतोय.

कॅमेरा झाला, पण खाडीत शिरणार कसं? पक्षी बसतात तिवरांच्या आत, जिथे पायाने जाता येत नाही. तेव्हा कोणीतरी धोंडूदाचं नाव घेतलं.

पूल व्हायच्या आधी धोंडूदा तरीवर होडी मारायचा, ह्या काठाची माणसं त्या काठाला. पूल झाला आणि तर बंद पडली. मग थोडं भात, पाचपंचवीस माड आणि ओहोटीला कालवं काढायला तीच जुनी होडी. त्याला कोड होतं. ओठांपाशी, डोळ्यांभोवती, मानेवर, दोन्ही हातांवर. तरीच्या दिवसांत बायका होडीत चढताना त्याने पुढे केलेला हात धरायच्या नाहीत, काठाला धरून कशातरी चढायच्या, पदर भिजला तरी चालेल. हे मी स्वतः पाहिलंय. मीही तेव्हा तसाच चढायचो.

त्याच्यासारखा पक्षी बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्याकडे पुस्तक होतं, त्याच्याकडे डोळे. बांबू चिखलात रोवून होडी अशी थांबवायचा की पाणी हलायचं नाही. तोंडाने काही सांगायचा नाही. मी मागे वळलो की फक्त हनुवटी उचलायचा आणि त्या दिशेला बघितलं की पानांत बसलेला बगळा नाहीतर घार दिसायचीच. होडीतली आमची जागा ठरलेली. मी पुढच्या फळीवर लेन्स गुडघ्यावर टेकवून, तो माझ्या पाठीमागे चार हातांवर बांबू घेऊन. मध्येच पान लावायचा. चुन्याची डबी कमरेला असायची, पितळेची, झाकण सैल झालेली. एक पान स्वतः खायचा आणि एक मला पुढे करायचा. मी म्हणायचो, मी पान खात नाही.

खातो मी. घरी रोज दोन खातो. त्याने सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही की मग तुझे दात लाल कसे.

गौरजा गेली आणि मी हार्ड डिस्क जोडून बसलो. बेचाळीस हजार फोटो आहेत माझ्याकडे, सगळे त्याच्या होडीतून काढलेले. सकाळी शटर उघडायचो आणि दुपारी जेवणापर्यंत एकेक बघत बसायचो. असे तीन दिवस गेले. काय मिळालं सांगू? बांबूवरचा अंगठा. कोपऱ्यात आलेलं पंच्याचं टोक. एका घारीच्या फोटोत खाली पाण्यावर पडलेली त्याच्या डोक्याची सावली. तोंड कुठेच नाही. आणि कसं असणार? ती लेन्स अडीच मीटरच्या आतलं काही बघू शकत नाही. पलीकडच्या काठावरच्या बगळ्याच्या डोळ्यातलं बुबुळ दाखवेल, पण होडीतला माणूस तिला धुकं. शिवाय कॅमेऱ्यात एक सोय असते, कुणाचे डोळे शोधायचे ते आधी सांगून ठेवायचं, माणसाचे, जनावराचे की पक्ष्याचे. माझा सहा वर्षं पक्ष्यावर लावलेला होता.

खरं सांगायचं तर हे तीन दिवस मी स्वतःलाच फसवत होतो. एक फोटो होता. तो कुठे आहे हेही मला पक्कं माहीत होतं. पण तो उघडायची माझी छाती होत नव्हती, कारण तो मी चोरलेला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, जानेवारीतली. एका सकाळी मी होडीत पाय ठेवल्याबरोबर धोंडूदा म्हणाला, आज तुला एक गंमत दाखवतो. वळणावरच्या मोडक्या खांबावर खंड्या बसला होता. आपला रोजचा खंड्या, तपकिरी डोकं, निळी पाठ, लाल चोच. पण ह्याचं अर्धं डोकं पांढरं. डाव्या पंखात तीन पिसं पांढरी, शेपटीत दोन, आणि उजव्या डोळ्याच्या वर तांदळाएवढा एक ठिपका. मी गुडघ्यावरची लेन्स उचलली. असा पक्षी हजारांत एखादा निपजतो, त्याच्या रंगातच उणेपण असतं. मी तासाभरात बाराशे फोटो काढले.

त्यातला एक मी नेटवर टाकला आणि मग काय विचारता! पुण्याचे आले, मुंबईचे आले, बेळगावचे आले. खांद्यावर तोफांएवढ्या लेन्सा, अंगावर पानाफुलांचे कपडे. धोंडूदाच्या होडीला रोज दोन फेऱ्या. माणसं त्या पक्ष्याकडे बघून नुसती वेडी व्हायची. काय देखणा, काय दुर्मीळ, किती भाग्यवान आपण, असं कुजबुजत बसायची. आणि उतरताना धोंडूदाने हात पुढे केला की काठाला धरून उतरायची.

एक दिवस त्यांच्यातले एक साहेब डोळ्यांत पाणी आणून मला सांगत होते की असं सौंदर्य मी जन्मात पाहिलं नाही. मागून धोंडूदा बोलला. रागाने म्हणाला नाही, जसा वारा कुठला आहे ते सांगायचा तसाच बोलला.

"पक्ष्याक कोड फुटलां तर तुमी पुण्यासून बगूक येतास. माणसाक फुटलां तर तेच्या होडयेत कोण बसना नाय."

साहेबांना मालवणी कळली नाही. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, भरती लागतेय म्हणतात.

मी चोरलेला तो फोटो त्याच दिवशीचा. चारच्या सुमाराला ती मंडळी गेली. धोंडूदा पलीकडच्या काठाला विसरलेली फळी आणायला एकटाच गेला होता आणि मी जुन्या धक्क्यावर कॅमेरा स्टँडवर लावून उभा होतो. परत येताना खाडीच्या मध्यावर शेवटा जातीचा एक मासा पाण्यातून उसळला आणि थेट त्याच्या अंगावर पडला. धोंडूदा दचकला, मग हसायला लागला. बांबू सोडून त्या माशाला पकडायला बघतोय आणि मासा हातातून निसटतोय, आणि हा एकटाच मोठ्याने हसतोय. ऊन तोंडावर आलं होतं. मी त्याला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. कसं पाहणार, माझी सदा त्याच्याकडे पाठ. कॅमेऱ्याचा पक्षी बदलून मी माणूस लावला आणि बटण दाबून धरलं. चौदा फ्रेमा. आवाज नाही, त्यामुळे त्याला कळलं नाही.

तो काठाला लागल्यावर मीच शहाण्यासारखा त्याला मागच्या स्क्रीनवर दाखवायला गेलो. त्याने हात पंच्याला पुसले, कॅमेऱ्याला हात न लावता वाकून बघितलं. बराच वेळ बघत होता. मला वाटलं खूश झाला. मग म्हणाला, पुसून टाक. मी म्हटलं, धोंडूदा, बरो इलो रे. तर म्हणाला, "माका माझो फोटो होयो झालो काय मीच तुका सांगान. आता पूस."

मी पुसला. त्याच्या डोळ्यांसमोर एकेक करून चौदाही पुसल्या. पण कॅमेऱ्यात कार्डं दोन असतात. एकावर मोठी फाईल, दुसऱ्यावर त्याचीच छोटी नक्कल. स्क्रीनवर पुसली ती पहिल्या कार्डावरची. दुसऱ्या कार्डावर चौदाही शाबूत होत्या आणि हे मला बटण दाबतानाच ठाऊक होतं. तो समाधानाने होडी बांधायला वळला.

घरी येऊन मी चौदातली एक ठेवली आणि तेरा उडवल्या. ही आमची नेहमीची पद्धत. झोडपून फोटो काढायचे, मग त्यातला सर्वांत लख्ख तो ठेवायचा, बाकीच्यांना दयामाया नाही. ती एक मी 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. माझ्या सगळ्या पक्ष्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आहे. 'इतर'ची नाही. चोरीच्या मालाच्या कोण दोन प्रती ठेवतो?

खंड्या पुढच्या वर्षी दिसला नाही. पांढरा पक्षी लपू शकत नाही, घारीने उचलला असेल. लोक यायचे बंद झाले. मी आणि धोंडूदा पहिल्यासारखेच जात राहिलो. त्याने त्याचा फोटो कधी मागितला नाही. ह्या दिवाळीनंतर खळ्यात भात वारवता वारवता तो खाली बसला आणि उठलाच नाही.

चौथ्या दिवशी मी 'इतर' उघडलं.

बाप रे, काय फोटो होता तो! मी स्वतःचं कौतुक करत नाही, त्यात माझं काही नव्हतं. मान थोडी मागे, तोंड उघडं, पान खाऊन रंगलेले दात, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांची जाळी आणि त्या सगळ्यातून तो हसतोय. मी दुकानात एकटा बसून रडलो. शटर अर्धं ओढून घेतलं आणि हमसून रडलो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी बायकोलाही सांगितलेली नाही. गौरजेच्या लग्नात धोंडूदा अल्बममध्ये का नाही? लोक म्हणतात, तो स्वतःच मागे राहिला, कन्यादान त्याचा भाऊ महादू याने केलं. महादूने केलं हे खरं. पण त्याच्या आधी, नवरानवरी बोहल्यावर उभी असताना धोंडूदा नवा सदरा घालून, केसांना तेल लावून पुढे आला होता. मुलीच्या शेजारी उभा राहिला. मी कॅमेऱ्यातून बघितलं आणि मीच त्याला म्हटलं, "धोंडूदा, वायच बाजूक सर." फ्लॅश पडून त्याचे डाग आणखी पांढरे दिसतात, मुलाकडची माणसं अल्बम बघणार, उगाच चर्चा नको, असा माझा धंद्याचा हिशेब. तो बाजूला सरला. असा सरला की पुन्हा एकाही फोटोत आला नाही. चार वर्षांनी मीच त्याच्याकडे होडी मागायला गेलो तेव्हा त्याने तो विषय काढला नाही, फक्त विचारलं, ओहोटी किती वाजता आहे माहीत आहे का तुला?

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या फोटोसमोर बसलो होतो. आणि मला वाटलं, आता भरपाई करायची वेळ आली आहे. हा माणूस जन्मभर ज्या डागांपायी तोंड लपवत फिरला, ते डाग मी काढून टाकतो. भिंतीवर तरी त्याला स्वच्छ तोंडाने बसू दे. येणारा-जाणारा बघेल आणि नाक मुरडणार नाही. माझ्या हातात दुसरं काय आहे?

हात सवयीनेच ब्रशवर गेला. दोनशे टक्के मोठं करून एकेक डाग भरत गेलो. शेजारच्या कातडीचा रंग उचलायचा, डागावर सोडायचा, कडा मऊ करायच्या. ओठापाशी वेळ लागला. दातांवरचा पानाचा रंगही उतरवला, हात फिरतच होता तर. अंगात पांढरा सदरा घातला, मागे निळा पडदा सोडला. संध्याकाळपर्यंत असा सुंदर माणूस तयार झाला की बघत राहावं. डाव्या हाताची दोन बोटं आपोआप कंट्रोल आणि एसवर पडली. जुनी फाईल वेगळी ठेवावी असं मनातही आलं नाही. खराब फोटोची कशाला ठेवायची प्रत? लग्नाच्या कामातही मी कधी ठेवत नाही.

बारा बाय अठराचा प्रिंट काढला. काच, सागाची चौकट, वर हाराला खिळा. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

बाराव्याला मी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून धोंडूदाच्या घरी गेलो. विधी आटपले होते, माणसं जेवायला थांबली होती. महादूने फ्रेम घेतली, वर्तमानपत्र सोडलं आणि वळईतल्या, म्हणजे दर्शनी खोलीतल्या, खुर्चीवर ठेवली. सगळे गोळा झाले. बरो दिसता हो, एकजण म्हणाला. तरणो दिसता, दुसरा म्हणाला. महादू माझा खांदा दाबून म्हणाला, सत्यवान, तू माझ्या भावाला माणसांत आणलंस. गौरजा मात्र फ्रेमकडे बघत राहिली आणि मग आत आईला हाक मारायला गेली.

सुगंधा वयनी स्वयंपाकघरातून आली. हाताला तांदळाचं पीठ होतं, ते पदराला पुसत पुसत आली. फ्रेमसमोर खाली बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता रडेल, मग म्हणेल बरो दिसता. माणसं तसंच म्हणतात. मी तीस वर्षं ऐकलंय.

ती रडली नाही. पुढे सरकली, फ्रेम उजेडाकडे वळवली, काच हाताने पुसली, पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"रे सत्यवाना, हेचां कोड खंय गेलां?"

खळ्यात बोलणारी माणसं आत येऊन उभी राहिली. मी म्हटलं, वयनी, मी काढलं ते, बरां दिसात म्हणान.

"कोणाक?" ती म्हणाली.

महादूने मध्ये पडून काहीतरी समजूत घातली, देवाघरी गेला तो, आता त्याला कसला डाग, असं काहीसं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडेच बघत सांगितलं की ती लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या अंगावर एकही डाग नव्हता, पण तेव्हाचा धोंडू कसा दिसायचा ते तिला आठवतही नाही. पहिला डाग आला तो गौरजेच्या वेळी तिचे दिवस भरत आले असताना. तेव्हापासून प्रत्येक डाग तिने येताना पाहिला, वाढताना पाहिला. वैद्याचा लेप तिनेच लावला, उपास तिनेच केले, आणि काही उपयोग नाही कळल्यावर रात्रीच्या जेवणानंतर हात धरून बसली तीही तीच. हा जो तू आणलायस, तो कुणाच्या घरचा आहे ते मला माहीत नाही, असं म्हणाली. आवाज चढवला नाही. मग म्हणाली, जाऊ दे, तू चांगल्यासाठीच केलंस, आता आधीचा फोटो दे.

"आदलो नाय, वयनी," मी म्हटलं.

नाही म्हणजे? तिला कळेना. मी सांगितलं. त्यावरच काम केलं, त्यावरच ठेवला, दुसरी प्रत नाही. चोरीचंही सांगितलं, दोन कार्डांचंही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बाजूला सरायला लावल्याचं मात्र त्या क्षणीही माझ्या तोंडातून निघालं नाही. गौरजा दाराला धरून उभी होती आणि मला वाटतं तिला ते लग्नापासूनच माहीत होतं.

सुगंधा वयनी उठून आत गेली. मला वाटलं संपलं, आता मला कोणी ह्या घरात बोलावणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात ती बाहेर आली. तिच्या हातात पितळेची डबी होती, सैल झाकणाची. तिने झाकण उघडलं. चुना सुकत आला होता, त्यात तिने दोन थेंब पाणी टाकलं आणि बोटाने कालवला. मग डबी माझ्यापुढे धरली.

"तूच पुसलंस मां? मगे तूच लाव."

मी बसलो. काय करणार होतो? उजव्या हाताच्या बोटावर चुना घेतला, आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डबीतला, आणि काचेसमोर हात नेला. काचेमागे तो गुळगुळीत, दात पांढरे असलेला माणूस हसत होता. मी बोट ओठाजवळ नेलं, तिथून गालाकडे, तिथून डोळ्याकडे. मला आठवेना. दोनशे टक्के मोठं करून मी एक आख्खा दिवस त्याच्या तोंडावर काढला होता, एकेक डाग माझ्या हाताने भरला होता. सहा वर्षं त्याच्या होडीत बसलो होतो. त्या खंड्याच्या डाव्या पंखातली तीन पिसं कितवी होती ते मी झोपेतही सांगेन, डोळ्यावरचा तांदळाएवढा ठिपका कुठे होता ते काढून दाखवेन. आणि धोंडूदाचा एक डाग कुठे होता ते मला सांगता येईना. बोटावरचा चुना चुरचुरायला लागला.

सगळी माणसं माझ्या बोटाकडे बघत होती. सुगंधा वयनीला कळलं. मग माझ्या शेजारी येऊन बसली, माझं मनगट धरलं आणि बोट धोंडूदाच्या खालच्या ओठाच्या डाव्या कडेला नेऊन टेकवलं.

"हयसर," ती म्हणाली. "ह्यां पयलां."

मग तिने माझा हात उचलून डोळ्याखाली नेला, मग कानाच्या पाळीपाशी, मग हनुवटीच्या खाली. प्रत्येक ठिकाणी ती थोडं थांबायची आणि मला बोट गोल फिरवायला लावायची. असे अकरा डाग होते.